खानावळीची ऑर्डर आणि अर्धी यादी : प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर

कामाचे स्वरूप आधी लिहून ठेवते. तारकर्लीच्या रस्त्याला आतेची खानावळ. मासळीची थाळी, कोंबडी-वडे, आदल्या दिवशी सांगितले तर मोरीचे (म्हणजे लहान शार्कचे) मटण. दिवाळीनंतर पर्यटक सुरू झाले की दुपारी बारा ते चार कोणाला मान वर करायला फुरसत नसते. गेल्या हंगामात एका विक्रेत्याकडून टॅबलेट आणि त्यातले तयार ऑर्डरचे ॲप घेतले. ओल्या हातांनी, वाळूत, उन्हात तो घेऊन फिरणे जमेना म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी एका स्टँडवर बसवला. वाढप्याने टेबलावर ऑर्डर ऐकायची, अंगण ओलांडून यायचे, स्टँडशी उभे राहून बोटाने टाकायची. आत छोट्या प्रिंटरवर केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठी ऑर्डरची चिठ्ठी, निघते, गल्ल्यावर बिल तयार होते.

हिशेब चोख झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की ऑर्डरीतले पदार्थ सुटू लागले, आणि जास्त करून धाकट्याच्या हातून. धाकटा म्हणजे कुडाळला कॉलेजात जाणारा, हंगामात वाढप करणारा पोरगा. आते म्हणते, "आदी सगळा पाठ सांगी होतो. आता काय झाला हेका?" मला तिने बोलावले ते मशीन बिघडले आहे का बघायला. मशीन ठणठणीत आहे.

माझा अंदाज: पोरगाही ठणठणीत आहे. दोघांची गाठ जिथे पडते तिथे काहीतरी होते.

१७ नोव्हेंबर

दुपारभर स्टँडशेजारच्या स्टुलावर बसून फक्त पाहिले.

घाटावरचे आठ जणांचे कुटुंब. धाकटा ऐकतो, मान हलवतो, वाळू तुडवत येतो, ओठ हलत असतात. स्टँडशी पोचतो तेव्हा ऑर्डर पूर्ण त्याच्यापाशी आहे, ओठांवरून कळते. 'सुरमई थाळी'वर बोट. चौकट उघडते: तवा की रवा? तो थांबतो, रवा दाबतो. चौकट मिटते. उजवीकडच्या पट्ट्यात 'सुरमई थाळी, रवा' उमटते आणि खालून तीन रंगीत बटणे वर येतात, 'सोबत घ्या': बोंबील फ्राय, कोळंबी फ्राय, सोलकढी. मग बांगडा थाळी. पुन्हा चौकट, पुन्हा पट्टा, पुन्हा बटणे. कोंबडी-वडे टाकून झाले आणि ओठ हलायचे थांबले. त्याने पट्टा वरून खाली वाचला, खालून वर वाचला. सोलकढीच्या बटणावर बोट नेले, मागे घेतले. मग परत टेबलाकडे: "काका, अजून काय सांगितलं होतं?"

पट्टा वाचून त्याला काय मिळणार होते? त्यात तेच होते जे त्याने आधीच टाकले होते.

तात्यांची पद्धत वेगळी. तात्या इथले जुने वाढपी, टॅबलेटला हात लावत नाहीत. दाराशी उभे राहतात, आतेकडे न बघता तिच्या मागच्या तव्याकडे बघतात आणि एका दमात सगळे सांगून टाकतात. ते आतेची सून टॅबलेटमध्ये घालते. मध्येच आतेने "सुरमई किती म्हणालंस?" विचारले तर उत्तर मिळत नाही. "मदी बोलू नको. माजा झाला काय मगे इचार." मालकिणीला असे बोलू शकणारा दुसरा माणूस या आवारात नाही.

२० नोव्हेंबर

ओळख पटली. मानसशास्त्रात हा परिणाम जुना आणि नीट नोंदलेला आहे: यादीतले काही शब्द मदत म्हणून दाखवले की उरलेले कमी आठवतात.

नॉर्मन स्लामेका यांनी १९६८ साली हे प्रयोगातून मांडले. तपासायचे होते ते वेगळेच. स्मृतीत शब्द एकमेकांना बांधून ठेवलेले असतील, तर काही शब्द हातात दिल्यावर त्यांना बांधलेले बाकीचे ओढले जावेत, असे गणित. लोकांना यादी दिली, मग एका गटाला कोऱ्या कागदावर आठवायला सांगितले, दुसऱ्याला यादीतले काही शब्द देऊन उरलेले लिहायला सांगितले. मदत मिळालेला गट पुढे जायला हवा होता. तो मागे पडला.

मोजण्याची रीत महत्त्वाची, कारण इथेच घोळ होतो. दिलेले शब्द मोजायचेच नाहीत. जे शब्द दोन्ही गटांना स्वतःहून आठवायचे होते तेवढेच घ्यायचे आणि त्यांचीच तुलना करायची. आमच्याकडे याचा अर्थ असा की धाकट्याच्या केओटीवर किती पदार्थ आले हे बघून उपयोग नाही. पहिले काही टाकून झाल्यावर उरलेल्यांचे काय झाले ते बघायचे.

२३ नोव्हेंबर

त्याच १९६८ साली जॉन ब्राउन यांनी शिकवलेल्या यादीऐवजी आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींवर हे करून पाहिले: अमेरिकेची ५० राज्ये. काहींना त्यांतली २५ आधी वाचायला दिली. वाचलेली अर्थातच जास्त आठवली, न वाचलेली मात्र काहीच न वाचलेल्यांपेक्षा कमी.

हे आपल्याकडे कोणालाही करता येईल. सिंधुदुर्गाचे ८ तालुके, रत्नागिरीचे ९. एकाला म्हणायचे, सगळे सांग. दुसऱ्याच्या हातात कागद द्यायचा: मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, चिपळूण, दापोली, खेड, राजापूर; आता उरलेले सांग. संध्याकाळी गल्ल्यावर भावाला कागद दिला. देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, गुहागर झरझर आले. मग "कणकवली... नाही, ती दिलीये. चिपळूण... तेही दिलंय." कागदावरचीच नावे पुन्हा पुन्हा तोंडात. लांजा अखेर आला. दोडामार्ग, वैभववाडी, मंडणगड आणि संगमेश्वर राहिलेच. वैभववाडीला त्याची सासुरवाडी आहे, हे वहिनीला कळू नये म्हणून कागद फाडून टाकला.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण 'दिलेलीच नावे पुन्हा येणे' हे ऐकायला मिळाले, ते कामाचे आहे.

२८ नोव्हेंबर

पण हे सगळे लांबलचक याद्यांचे. आमचे प्रकरण अर्ध्या मिनिटाचे: ऐकले, चालत आले, टाकले. ही वर्किंग मेमरीची, म्हणजे हातातले काम चालू असताना डोक्यात धरून ठेवायच्या स्मृतीची हद्द. तिथेही हेच घडते का?

जे पक्के ठाऊक आहे त्यावरून असे जुळते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात, अधिक-उणे दोन ही मर्यादा सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ साली, मनात उजळणी करू दिली नाही आणि शब्दांची गाठोडी बांधू दिली नाहीत तर ती चाराच्या आसपास येते, असे मांडले. आठ जणांची ऑर्डर म्हणजे आठ थाळ्या, त्यांचे तवा-रवा, भाकरी की वडे, जास्तीची कढी. हे चारात बसत नाही, सातातही बसत नाही. म्हणजे ऑर्डरीचा थोडा भाग समोर जागा असतो आणि बाकीचा लगेच मागे सरकतो. तिथून तो शोधून काढावा लागतो. मागून शोधायचे म्हटले की लांब यादीचेच नियम लागू होतात, भले मध्ये मिनिटही गेले नसेल.

आणि समोरचा भाग टिकतो तो उजळणीवर. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली वर्किंग मेमरीची जी मांडणी केली, तिच्यात आवाजाच्या रूपात शब्द फिरवत ठेवणारा एक भाग आहे. धाकट्याचे हलणारे ओठ म्हणजे तेच. त्याला 'तवा की रवा' वाचायला लावले की तेवढा वेळ फेरा तुटतो. पीटरसन पती-पत्नींचा १९५९ चा प्रयोग याचे टोक दाखवतो: तीन व्यंजने ऐकवायची, लगेच एक आकडा देऊन तीन-तीनने उलटे मोजायला लावायचे. १८ सेकंदांनी दहांतला एक वेळ जेमतेम आठवते. फक्त तीन अक्षरे. अंगण ओलांडून चौकटींची उत्तरे देईपर्यंत आमच्याकडे याहून जास्त वेळ जातो.

आणखी एक. समोर मांडलेल्या वस्तू पाहून झाल्यावर, त्या मनात धरलेल्या असताना, त्यांतल्या एका जागेकडे बोट दाखवणारा इशारा दिला तर काय होते, हे ग्रिफिन आणि नोब्रे यांनी २००३ साली पाहिले. ज्याच्याकडे इशारा, ते चांगले आठवते. इशारा एकीकडे आणि विचारले दुसरेच, तर नुकसान. मनातल्या मनात लक्ष एकीकडे वळले की दुसरीकडचे कमी होते. टॅबलेटची रंगीत बटणे हा असाच इशारा आहे, आणि बहुतेक वेळा न मागवलेल्या बोंबलाकडे.

म्हणजे स्क्रीनवर तीन वेगळ्या गोष्टी त्रास देतात: चौकट उजळणी तोडते, पट्टा आधीचेच पदार्थ पुन्हा जागे करतो, बटणे परके पदार्थ आत आणतात. तिघांना एकच औषध चालणार नाही.

३० नोव्हेंबर

खानावळ बंद झाल्यावर रात्री घरच्यांवर आणि वाढप्यांवर चाचणी. मासळीच्या नावांच्या दोन याद्या केल्या: बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, मुडदुसे, लेपे, कर्ली, मोरी, शिंगाळा, रावस, तिसऱ्या, कालवे, कुर्ल्या वगैरे. मी सावकाश वाचायची, मग थोडे उलटे मोजायला लावायचे, मग लिहायचे. एका यादीला कोरा कागद, दुसऱ्या यादीला अर्धी नावे छापलेला कागद. अर्ध्या जणांना उलटापालट.

छापील कागदावर बहुतेकांची उरलेली नावे कमी आली. फरक डोळ्याला दिसेल इतका होता. आकडे मांडण्याइतकी माणसे नव्हती, म्हणून मांडत नाही. आतेला फरक पडला नाही. तिने छापील नावांकडे बघितलेच नाही, कागद उलटा करून मागे लिहिले. "तां वाचत बसलंय तर माजा जातला." तिला कोणी शिकवले नव्हते.

तात्यांचे वेगळेच. कोऱ्या कागदाच्या वेळी (लिहिले सुनेने, बोलले ते) नावे मी वाचलेल्या क्रमाने आलीच नाहीत. आधी रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) लागणारे, मग गरीचे, मग खाडीतले, शेवटी कवचाचे. मासा कुठून येतो त्यावर त्यांनी यादी ऐकता ऐकता लावून टाकली होती. दुसऱ्या यादीची अर्धी नावे विस्कटलेल्या क्रमाने वाचून दाखवली तेव्हा हा माणूस पहिल्यांदा अडखळला. "ह्यां कोणी असा इस्कटल्यान?" आणि मग बराच वेळ काही नाही.

मग मी नावे न देता नुसते "कवचवाले?" म्हटले. तिसऱ्या, कालवे, कुर्ल्या एकदम.

३ डिसेंबर

कवचवाल्यांचा उलगडा. एंडेल टल्विंग आणि झीना पर्लस्टोन यांनी १९६६ सालीच दाखवले होते की प्रकाराचे नाव दिले (फळे, हत्यारे असे) तर कोऱ्या कागदापेक्षा खूप जास्त शब्द आठवतात. डोक्यात होते, फक्त वाट सापडत नव्हती. मग हेन्री रोडिगर यांनी १९७३ साली प्रकाराच्या नावाबरोबर त्यातले काही शब्दही दिले. जितके शब्द जास्त दिले तितके त्या प्रकारातले उरलेले कमी आठवले.

म्हणजे खूण सरसकट वाईट नाही. 'कवचवाले' ही खूण दार उघडते; 'तिसऱ्या, कालवे' ही खूण दारात उभी राहते. हा भेद ज्याने ते तयार ॲप बनवले त्याच्या गावी नाही. पदार्थ सुचवणे म्हणजे आठवण करून देणे, एवढेच त्याला ठाऊक.

६ डिसेंबर

असे का होते यावर जाणकारांत एकमत नाही. तीन मते आहेत, आणि मला हवे ते मत निवडून ॲप करायचे नाही, म्हणून तिन्ही लिहिते.

ड्युई रंडस (१९७३): दिलेले शब्द वाचून आणखी बळकट होतात. मग शोधायला हात घातला की तेच पुन्हा हाती येतात, आणि काही वेळा रिकामे परतल्यावर माणूस शोध सोडून देतो. भावाचे "कणकवली... नाही, ती दिलीये" हे याचे चालतेबोलते उदाहरण.

दुसरे मत दडपणाचे. अँडरसन आणि दोघे ब्योर्क यांनी १९९४ साली दाखवले की एका गटातले काही शब्द मुद्दाम आठवले की त्याच गटातले न आठवलेले इतर शब्द पुढे कमी आठवतात. बॉयमल आणि अस्लान म्हणतात, खूण वाचतानाही मनात असेच काहीसे होते. स्पर्धक दाबले जातात. हे खरे असेल तर खूण काढून घेतल्यावरही दाबलेले लगेच वर येणार नाही.

तिसरे डेव्हिड आणि बार्बरा बॅस्डेन यांचे (१९९५): प्रत्येकाची आठवायची एक स्वतःची वाट असते. मधलेच तुकडे परक्या क्रमाने समोर टाकले की वाट मोडते. खुणा काढून घेतल्या की माणूस वाटेवर परत येतो आणि हरवलेले सापडते. खुणा त्याच्याच क्रमाने दिल्या तर नुकसान कमी.

दडपणवाले आणि वाटवाले यांच्यात निवाडा करणारी साधी परीक्षा आहे: खूण काढा आणि थांबा. बॉयमल आणि अस्लान यांनीच २००६ साली म्हटले की दोन्ही घडते. शब्द एकमेकांत नीट गुंफून शिकले असतील तर वाट मोडते, नुसते सुटे शिकले असतील तर दडपले जातात. मला हे पटते. अर्थात मला पटल्याने काही होत नाही.

आज दुपारी धाकटा अडकल्यावर मी टॅबलेटचे झाकण पुढून लावले. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग तव्याकडे बघितले, आणि म्हणाला, "दोन सोलकढी जास्तीच्या, आणि आजींना घावणे." उद्या पुन्हा करून बघणार. घावण्यांचे बटण स्क्रीनच्या पहिल्या पानावर नाहीच.

७ डिसेंबर

पुन्हा केले. कधी परत येते, कधी नाही. टेबलावरची माणसे ओळीने बोलली असतील तर बहुधा येते. सगळी एकदम बोलली असतील तर गेले ते गेले. २००६ च्या मताशी जुळते. धाकट्याशी बोलले तर तो म्हणाला, ओळीने बोलतात तेव्हा तो खुर्च्या बघत ऐकतो.

तात्यांना विचारले तर तेही खुर्च्याच. "माणूस बघूचो. जेवण मागना येता."

१० डिसेंबर

तयार ॲप बदलता येत नाही, म्हणून त्याच टॅबलेटवर चालेल असे साधे पान मी लिहिते आहे. हिशेब जुन्या ॲपमध्येच जाईल.

पहिला पडदा: टेबलाचे चित्र आणि खुर्च्या. खुर्चीवर बोट, मग पदार्थावर बोट, झाले. पदार्थ टाकला की खुर्ची नुसती भरलेली दिसते, नाव दिसत नाही. हा वादाचा मुद्दा होता. सुनेचे म्हणणे, नाव दिसले नाही तर चुकीचे बटण दाबलेले कळणार कसे? बरोबर आहे. म्हणून नाव क्षणभर उमटते आणि जाते. तेवढ्यात चूक दिसते. कायमचे बसून राहिले तर तोच पट्टा झाला. खुर्चीची जागा मात्र दिसत राहायला हवी, कारण रिकामी खुर्ची 'इथे कोणीतरी आहे' एवढेच सांगते, काय खाल्ले ते सांगत नाही. कवचवाल्यांसारखीच खूण.

तवा-रवा शेवटी. सगळ्या खुर्च्या भरल्यावर एकेका खुर्चीपाशी विचारले जाईल. तोपर्यंत उजळणी तोडणारी एकही चौकट नाही.

'सोबत घ्या' बटणे नाहीत.

सगळे झाल्यावर मोठे बटण: 'सांगून झाले'. ते दाबल्यावरच पूर्ण यादी दिसेल, आणि त्याखाली प्रकारांची नावे, नुसती: कढी, भाकरी, वडे, सुके, लहान मुलांचे, गोड. पदार्थ नाहीत.

१३ डिसेंबर

दाराजवळचा टीव्ही बंद करायला सांगितला. आवाज कानावर पडत राहिला तर, लक्ष देऊ नका म्हटले तरी, क्रमाने आठवणे बिघडते. कॉल आणि वेल्श यांनी १९७६ साली तर परभाषेतला आवाज लावून हे दाखवले होते. टीव्ही बंद झाला नाही. मॅच होती.

१६ डिसेंबर

आतेने पान पाहिले. पहिला प्रश्न: "बोंबील कसे खपतले मगे?"

तिचेही खोटे नाही. 'सोबत घ्या' बटणामुळे धाकटा टेबलावर परत जाऊन "बोंबील फ्राय आणू का, ताजे आहेत" विचारायचा, आणि निम्मे लोक हो म्हणायचे. विसरलेली एक सोलकढी आणि खपलेले बोंबील, यांत तिला काय महाग हे सांगायला नको. मी म्हटले, विचारू दे ना, पण ऑर्डर आत गेल्यावर. भाकरी नेताना विचारेल. ती म्हणाली, भाकरी जाईपर्यंत भूक भागलेली असते. हेही खरे.

तोडगा: बोंबलाची आठवण 'सांगून झाले' दाबल्यानंतर, केओटी निघाल्यावर. पाणी आणि ताटे घेऊन जाताना धाकट्याने विचारायचे. आते अजून पूर्ण राजी नाही. "बघूया नाताळात."

२२ डिसेंबर

पान सुरू केले. धाकट्याला काही शिकवावे लागले नाही, फक्त एक सांगितले: 'सांगून झाले' दाबेपर्यंत आतून कोणी काही विचारले तरी बोलायचे नाही. "तात्यांसारखं?" "तात्यांसारखं." हे त्याला फारच आवडले. आतेला कमी.

वाचून दाखवणे आता टेबलावर. पूर्ण यादी हातात घेऊन पाहुण्यांसमोर वाचायची: दोन सुरमई, एक बांगडा... वाचून दाखवण्याला माझा विरोध कधीच नव्हता, वेळेला होता. आठवून झाल्यावर वाचले तर ती पडताळणी होते, आणि चूक पकडण्याचे काम ज्याला ताट हवे आहे त्याच्याकडे जाते.

२८ डिसेंबर

नाताळची गर्दी. बांदिवडेकडून आलेल्या पाहुण्यांसह अंगणात चटयाही घालाव्या लागल्या. चटईवर खुर्च्या नसतात! पानात चित्र खुर्च्यांचे, माणसे गोल करून बसलेली. धाकट्याने आपणहून तोड काढली: टेबलाची एक बाजू म्हणजे माडाकडची, दुसरी म्हणजे विहिरीकडची. चालले.

सुटणारे पदार्थ कमी झाले. सून केओटीवर पेन्सिलने खूण करते आहे, टेबलाकडे परत जावे लागले की एक रेघ. रेघा गेल्या महिन्यापेक्षा स्पष्ट कमी. यात सवयीचा वाटा किती आणि पानाचा किती हे वेगळे काढता येत नाही. जुने ॲप परत लावून बघायला हवे, पण नाताळात ते आतेला सांगायची माझी छाती नाही.

तवा-रवा शेवटी विचारल्यामुळे एक नवा त्रास: लोकांनी सांगितलेले रवा-तवा तोवर विसरते. पदार्थ आठवतो, त्याचे तळणे नाही. खुर्चीवर पदार्थ टाकताना बोट दाबून धरले तर रवा, नुसते टेकवले तर तवा, असे केले. चौकट नाही, वाचायला काही नाही.

२ जानेवारी

आज स्टुलावर बसून उलट बाजू पाहिली, टेबलाची. वाढपी येण्याआधी मोठी कुटुंबे आपसात ठरवतात. तो आला की एक जण सगळ्यांचे सांगतो, आणि बाकीचे मध्ये बोलतात: "माझं बांगडा!" "मावशीचं पण!" मध्येच तुटलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि हमखास कोणाला तरी गाळतो. बहुतेक वेळा स्वतःला.

मेरी वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ साली गटाने आठवण्याचा हा प्रकार मोजला: एकत्र बसून आठवलेले, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे आठवून मग एकत्र केलेल्यापेक्षा कमी भरते. एकाचे बोलणे दुसऱ्यासाठी नको असलेली खूण ठरते. बॅस्डेन मंडळींनीही त्याच वर्षी कारण तेच दिले, वाट मोडणे. आठ डोकी एका टेबलावर, आणि प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याची सुरमई.

धाकट्याला सुचवले, घोळक्याला न विचारता एका टोकापासून एकेकाकडे बघून विचार. तो म्हणाला, तात्या पहिल्यापासून तेच करतात. आपल्याला वाटायचे म्हातारपणामुळे हळू आहेत.

९ जानेवारी

आढावा. जुने ॲप पुन्हा लावून तुलना करायची राहिली आहे. शाळांच्या सहली संपल्या की एका आठवड्यासाठी आते तयार आहे, अट एकच, तात्यांना त्यात ओढायचे नाही. बोंबील भाकरीआधी विचारले तर खपतात, असे सुनेच्या वहीवरून दिसते, त्यामुळे तो वाद मिटला.

प्रकारांच्या यादीतून 'गोड' काढले. इथे गोड फक्त उकडीचे मोदक, तेही आधी सांगितले तर. 'गोड' दिसले की धाकटा उगाच टेबलावर विचारायला जायचा आणि मग नाही सांगायचे तोंड मला करावे लागायचे.

पार्सलच्या फोनची ऑर्डर सुटते आहे. तिथे खुर्च्या नाहीत, माडाची बाजू नाही, चेहरे नाहीत. फक्त आवाज, आणि गल्ल्यावर भाऊ. तो ऐकता ऐकता प्रत्येक पदार्थ मोठ्याने परत म्हणतो, "हां, सुरमई दोन, पुढे?" आणि पलीकडचा माणूस अडखळतो. भावाला गप्प कसे बसवायचे, यावर उद्या आतेशी बोलायचे.